मधल्या हंगामाचा खेळ

१९८४ साली मी नववीत होतो. सांगली जिल्ह्यातल्या आमच्या गावात पहाटे तालमीत जायचे आणि संध्याकाळी शाळेच्या मैदानावर बास्केटबॉल खेळायचा, असा माझा दिनक्रम होता. एके दिवशी क्रीडाशिक्षकांनी माझे दंड चाचपून पाहिले आणि म्हणाले, "जोर मारणं बंद कर. अंग आखडलं की बॉल बास्केटमध्ये पडत नाही." त्याच आठवड्यात वस्तादांनीही सुनावले, "उड्या मारून गुडघे घालवशील. एक काय ते धर." मी तालीम सोडली. दोन वर्षांत बास्केटबॉलही सुटला.

ही गोष्ट मी विसरून गेलो होतो. गेल्या वर्षी माझ्या पंधरा वर्षांच्या भाचीचा गुडघा सामन्यात उडी मारून उतरताना गेला. आतला अस्थिबंध तुटला, शस्त्रक्रिया झाली. नवव्या वर्षापासून ती फक्त बास्केटबॉल खेळत आली होती, तेही वर्षाचे अकरा महिने. दवाखान्यात तिने मला विचारले, "मामा, मी चुकीचं काय केलं?" उत्तर मला देता आले नाही. मी काही शारीरिक शिक्षणाचा पदवीधर नाही. पाटबंधारे खात्यातली नोकरी करता करता जुनी पुस्तके आणि नियतकालिके चाळण्याची सवय लागली, एवढेच माझे भांडवल. त्या भांडवलावर मी या खेळाच्या मुळाशी जाऊन पाहायचे ठरवले. मूळ अमेरिकेतल्या शाळा-महाविद्यालयांत आहे, म्हणून हा लेखही बहुतांशी तिथेच फिरणार आहे.

बास्केटबॉलची जन्मतारीख ठाऊक आहे, ही या खेळाची मोठी सोय. २१ डिसेंबर १८९१. ठिकाण मॅसॅच्युसेट्स राज्यातल्या स्प्रिंगफील्ड गावातली वायएमसीएची प्रशिक्षण शाळा. जनक जेम्स नेस्मिथ हा कॅनडात जन्मलेला तीस वर्षांचा शिक्षक. हा माणूस मॅकगिल विद्यापीठात रग्बी, लक्रॉस आणि जिम्नॅस्टिक्स असे सगळे करून आला होता. स्प्रिंगफील्डला तो फुटबॉलही खेळत असे. इथे फुटबॉल म्हणजे अंडाकृती चेंडू हातात घेऊन धावण्याचा अमेरिकन खेळ.

तिथे अडचण हंगामाची होती. शरद ऋतूत फुटबॉल असे, वसंतात बेसबॉल. मधला हिवाळा बर्फाचा. त्या काळात तरुणांना बंदिस्त व्यायामशाळेत कवायती कराव्या लागत. मैदानावर रमणारी ही पोरे त्या कवायतींना विटली होती. अठरा जणांचा एक वर्ग तर दोन शिक्षकांना आवरला नाही. विभागप्रमुख ल्यूथर गुलिक यांनी तो वर्ग नेस्मिथच्या गळ्यात मारला आणि चौदा दिवसांत छपराखाली खेळता येईल असा खेळ शोधायला सांगितले. नेस्मिथने तेरा नियम लिहिले आणि सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या दोन टोपल्या ठोकल्या. चेंडू घेतला तो पायाने खेळायच्या फुटबॉलचा.

हा तपशील पुष्कळांना माहीत असतो. त्यातला एक मुद्दा मात्र सहसा निसटतो. बास्केटबॉल हा कुणी वर्षभर खेळावा म्हणून जन्माला आलेला खेळ नाही. दुसरे खेळ खेळणाऱ्या तरुणांनी मधला हंगाम काढावा, यासाठी तो घडवला गेला. त्याचा पहिला खेळाडू हा मुळातच अनेक खेळांचा खेळाडू होता.

ज्या कवायतींना ती पोरे कंटाळली होती, त्यांत आपलाही थोडा हात आहे. त्या काळच्या अमेरिकन व्यायामशाळांत भिंतीला लाकडी मुद्गलांच्या जोड्या टांगलेल्या असत. त्यांना तिथे 'इंडियन क्लब' म्हणत. आपल्या आखाड्यांतली जोडी इंग्रज लष्करी अधिकाऱ्यांनी पाहिली आणि विलायतेला नेली. तिथून ती अमेरिकेत पोहोचली. सिम केहो नावाच्या न्यूयॉर्कच्या माणसाने १८६६ साली या व्यायामावर पुस्तक काढले, शिवाय तो जोड्या तयार करून विकतही असे. अटलांटिक ओलांडताना आपली वजनदार जोडी हलकी झाली आणि तालावर फिरवण्याची चीज बनली. ताकद कमावणे मागे पडून कवायत तेवढी उरली. म्हणजे बास्केटबॉलच्या जन्माआधीच त्या खोलीत व्यायाम आणि खेळ यांचे भांडण सुरू झालेले होते.

पुढच्या दोन-तीन दशकांत बास्केटबॉल अमेरिकेच्या हायस्कुलांत पसरला. इंडियाना राज्यात १९११पासून शालेय अजिंक्यपद सुरू झाले. स्प्रिंगफील्डला नेस्मिथचा सहकारी असलेला एमॉस अलोन्झो स्टॅग हा फुटबॉलचा प्रख्यात प्रशिक्षक. त्याने १९१७ साली शिकागोत देशभरातल्या शाळांसाठी बास्केटबॉलची स्पर्धा सुरू केली आणि ती १९३०पर्यंत चालली. शाळांचे वेळापत्रक मात्र तेच राहिले: शरदात फुटबॉल, हिवाळ्यात बास्केटबॉल, वसंतात बेसबॉल किंवा धावणे-फेकणे. लहान गावच्या शाळेत मुलेच कमी असत, त्यामुळे तीन संघांत पुन्हा पुन्हा तेच चेहरे दिसत. ताकद येई ती फुटबॉलच्या धक्काबुक्कीतून आणि घरच्या शेतातल्या कामातून. चपळाई येई धावण्यातून. वेगळा व्यायाम करावा असे कुणाला वाटत नसे.

वाटत नसे, कारण भीतीही होती. वजने उचलली की स्नायू ताठतात, सांधे पूर्ण फिरत नाहीत, माणूस मंद होतो, असा पक्का समज होता. माझ्या क्रीडाशिक्षकांचे 'अंग आखडणे' ते हेच. इंग्रजीत त्यासाठी खास शब्द होता, 'मसल-बाउंड', म्हणजे स्वतःच्याच स्नायूंनी बांधला गेलेला. बास्केटबॉलमध्ये ही भीती अधिक खोल होती, कारण इथे चेंडू शेवटी सुटतो तो मनगटातून आणि बोटांच्या टोकांवरून. ती नजाकत लोखंड उचलून जाईल, अशी धास्ती प्रशिक्षकांना वाटे.

या समजाला पहिला तडा गेला तो पुन्हा त्याच स्प्रिंगफील्डमध्ये. १९४० साली तिथल्या महाविद्यालयात वजन उचलणाऱ्यांचे एक प्रात्यक्षिक झाले. तिथले शरीरक्रियाशास्त्राचे प्राध्यापक पीटर कार्पोविच हे वजनांच्या विरोधकांपैकी. ज्यांचे शरीरसौष्ठव अमेरिकेत गाजत होते ते जॉन ग्रिमेक मंचावर होते. असे सांगतात, की कार्पोविचनी त्यांना जरा स्वतःची पाठ खाजवून दाखवायला सांगितले. एवढे स्नायू असलेल्या माणसाचा हात पाठीपर्यंत पोहोचणारच नाही, ही त्यांची खात्री. ग्रिमेकनी पाठ तर खाजवलीच, वर पाय दोन्ही बाजूंना फाकवून जमिनीला टेकवून दाखवले.

कार्पोविचचे मोठेपण असे, की त्यांनी ही गंमत म्हणून सोडून दिली नाही. दरम्यान युद्ध झाले. थॉमस डीलॉर्म या लष्करी डॉक्टरने जखमी सैनिकांच्या दुबळ्या झालेल्या मांड्या क्रमाक्रमाने वाढवलेल्या वजनांनी पूर्ववत करून दाखवल्या आणि १९४५ साली ती पद्धत प्रसिद्ध केली. मग कार्पोविच आणि त्यांचे विद्यार्थी विल्यम झॉर्बस यांनी सहाशे माणसे तपासली, तीनशे वजने उचलणारी आणि तीनशे न उचलणारी. एक मूठ हाताने गरगर फिरवायची आणि वेळ मोजायची, इतकी साधी चाचणी. १९५१ साली निष्कर्ष छापून आला: वजने उचलणाऱ्यांचे हात अधिक वेगाने फिरले. ज्या संस्थेत बास्केटबॉल जन्मला, तिथेच त्याच्या सर्वांत जुन्या भीतीचे खंडन झाले.

पण शाळांपर्यंत संशोधन पोहोचायला वेळ लागतो. बास्केटबॉलकडे लोखंड आले ते आडवाटेने, फुटबॉलमधून. लुइझियाना राज्यात बॅटन रूज या शहरी अल्विन रॉय नावाचा माणूस व्यायामशाळा चालवत असे. १९५५ साली त्याने इस्ट्रूमा हायस्कूल या आपल्या जुन्या शाळेच्या फुटबॉल संघाकडून वजने उचलून घेतली. आधी शाळा राजी नव्हती. त्या हंगामात संघ एकही सामना हरला नाही आणि राज्याचा विजेता ठरला. त्या संघातला बिली कॅनन हा मुलगा शंभर यार्डांच्या शर्यतीत धावत असे आणि गोळाही फेकत असे. वेग आणि ताकद एका देहात नांदू शकत नाहीत, असे म्हणणाऱ्यांना त्याच्याकडे पाहून गप्प बसावे लागले.

त्याच शहरातला बॉब पेटिट हा सहा फूट नऊ इंच उंचीचा, पण काडीसारखा पोरगा. बॅटन रूज हायस्कूलच्या बास्केटबॉल संघातून त्याला सुरुवातीला वगळले होते. पुढे १९५४ साली तो व्यावसायिक संघात गेला आणि धिप्पाड खेळाडूंचे धक्के खाऊ लागला. तेव्हा तो रॉयकडे आला. त्याने वजने उचलली, अंगावर मांस चढवले आणि नेम तसाच राहिला. १९५८ सालच्या अंतिम मालिकेतल्या निर्णायक सामन्यात त्याने बॉस्टनविरुद्ध पन्नास गुण केले. व्यावसायिक बास्केटबॉलमध्ये वीस हजार गुणांचा टप्पा गाठणारा तो पहिला खेळाडू. बोटांची नजाकत लोखंडाने जात नाही, याचा याहून मोठा पुरावा कोणता?

या कथेच्या दोन काळ्या बाजू सांगायला हव्यात. १९५५ सालच्या लुइझियानात गोऱ्या आणि काळ्या मुलांच्या शाळा वेगळ्या होत्या. इस्ट्रूमा गोऱ्यांची शाळा होती, रॉयचा प्रयोग त्यांच्यापुरताच होता. बिल रसेल हा काळा मुलगा त्याच राज्यात जन्मला. त्याचे कुटुंब कॅलिफोर्नियात गेले आणि तिथे तो वाढला. महाविद्यालयात असताना तो बास्केटबॉलबरोबर उंच उडीतही देशातल्या अव्वल खेळाडूंपैकी होता. दुसरी बाजू अशी, की रॉयने पुढे १९६३ साली सॅन डिएगोच्या व्यावसायिक फुटबॉल संघात वजनांबरोबर स्टेरॉइडच्या गोळ्याही आणल्या. ताकदीची भूक लागली की ती कुठे थांबवायची, हा प्रश्न तेव्हापासूनचा आहे.

१९६९ साली नेब्रास्का विद्यापीठाने बॉइड एप्ली या तरुणाला केवळ ताकदीचा प्रशिक्षक म्हणून नेमले. १९७८ साली अशा प्रशिक्षकांची राष्ट्रीय संघटना उभी राहिली. हळूहळू हायस्कुलांतही वजनांची खोली आली. भीती गेली. इथवरचा इतिहास विजयाचा वाटतो, आणि बहुतेक लेखक इथेच थांबतात.

मला वाटते खरी गोष्ट इथून पुढे आहे. लोखंडाची भीती गेली त्याच सुमारास हंगामांची भिंतही पडू लागली. शाळेचा बास्केटबॉल हिवाळ्यात संपला की वसंतात आणि उन्हाळ्यात शाळेबाहेरच्या संघांचे सामने सुरू होऊ लागले. शिष्यवृत्ती देणारे प्रशिक्षक तिथेच मुले हेरतात, म्हणून कुणाला गैरहजर राहवेना. मधल्या हंगामाचा खेळ बारा महिन्यांचा झाला. मुलाने एकच खेळ धरावा आणि उरलेल्या ताकदीसाठी वजनांच्या खोलीत जावे, अशी नवी वाटणी झाली. पूर्वी जे तीन हंगामांतून आपोआप मिळे, ते आता लोखंडाकडून भरून घ्यायचे.

ते पूर्ण भरून निघते का? २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात २००८ ते २०१५ या काळात एनबीएमध्ये पहिल्या फेरीत निवडले गेलेले २३७ खेळाडू तपासले. हायस्कूलमध्ये बास्केटबॉलखेरीज दुसरा खेळ खेळलेले त्यांत फक्त ३६ निघाले. व्यावसायिक कारकिर्दीत मोठी दुखापत झाली ती या ३६ पैकी २५ टक्क्यांना. एकच खेळ खेळलेल्यांत ते प्रमाण ४३ टक्के होते. संख्या लहान आहे, त्यावरून कारण सिद्ध होत नाही. पण नेस्मिथची मूळ कल्पना तिथे किती दुर्मीळ झाली, ते यातून दिसते. २०१६ साली अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने सल्ला दिला, की बहुतेक खेळांत पंधरा-सोळा वर्षांपर्यंत एकाच खेळाला वाहून घेऊ नये. हीच अकादमी जाणकाराच्या देखरेखीखाली मुलांनी ताकदीचा व्यायाम करायलाही हरकत घेत नाही. दोन्ही गोष्टी एकाच तोंडाने सांगता येतात, हे मला महत्त्वाचे वाटले.

मुलींचा इतिहास तर आणखी निराळा. नेस्मिथच्या खेळाला काही महिनेही झाले नव्हते तोच १८९२ साली सेंडा बेरेन्सन यांनी तो स्मिथ महाविद्यालयातल्या मुलींना शिकवला. मुलींना दमणूक सोसणार नाही म्हणून मैदानाचे तीन भाग केले आणि प्रत्येकीला आपल्याच भागात राहायला लावले. आयोवा राज्यातल्या शाळांत असा विभागलेला, सहा-सहा जणींचा खेळ १९९३पर्यंत टिकला. १९७२च्या कायद्याने अमेरिकेतल्या शाळांत मुलींना खेळाचे समान दार उघडले, पण वजनांच्या खोलीचे दार त्यानंतरही बराच काळ मुलांचेच राहिले. गुडघ्यातला तो अस्थिबंध बास्केटबॉल खेळणाऱ्या मुलींचा मुलांपेक्षा कितीतरी अधिक वेळा तुटतो. मांड्यांची ताकद वाढवणारा आणि उडीनंतर नीट उतरायला शिकवणारा व्यायाम नियमित केला तर हा धोका कमी होतो, हे आता सिद्ध झाले आहे.

आपल्याकडे बास्केटबॉल रुजला तोही स्प्रिंगफील्डच्याच वाटेने. तिथे शिकलेल्या हॅरी क्रो बक यांनी १९२० साली मद्रासला वायएमसीएचे शारीरिक शिक्षण महाविद्यालय काढले आणि त्यांच्या हाताखाली तयार झालेले शिक्षक देशभर गेले. खेळ आला, त्याच्याबरोबर जुनी भीतीही आली असावी. जोर, बैठका आणि जोडी आपल्या गल्लीत असताना आपण त्या खेळाडूच्या शत्रू मानल्या. ज्या मातीतून मुद्गल अमेरिकेला गेले, तिथल्याच पोराला "जोर मारणं बंद कर" असे सांगितले गेले, आणि तेही स्प्रिंगफील्डचा निष्कर्ष छापून तेहतीस वर्षे झाल्यावर.

माझ्या क्रीडाशिक्षकांवर आता माझा राग नाही. वस्तादांवरही नाही. दोघेही प्रामाणिक होते, आणि दोघेही 'एक काय ते धर' एवढेच शिकलेले होते.

भाचीला मी आता उत्तर दिले आहे. तुझे काही चुकले नाही. तुला खेळ दिला, पण त्याच्या आजूबाजूचे हंगाम दिले नाहीत, ताकदही दिली नाही. सध्या ती फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली बैठका घालते आहे. डॉक्टरांनी परवानगी दिली की पावसाळ्यात पोहायचे आणि उन्हाळ्यात बॅडमिंटन खेळायचे, असे तिने ठरवले आहे. बास्केटबॉल हिवाळ्यात.