२३ डिसेंबर १९४० : वालचंदांचा विमान कारखाना

इंदापूर तालुक्यातील माळरानावर वालचंदनगर वसवणाऱ्या वालचंद हिराचंद यांनी या दिवशी बंगळूर येथे हिंदुस्थान एअरक्राफ्ट कंपनीची स्थापना केली. म्हैसूर संस्थान त्यात भागीदार होते.

त्याच काळात दुसऱ्या महायुद्धामुळे ब्रिटिश सरकारला कुशल कारागिरांची निकड भासू लागली होती. तंत्रशिक्षणाच्या योजना निघाल्या, ‘बेव्हिन योजने’तून तरुण प्रशिक्षणासाठी इंग्लंडला रवाना झाले. सोबत चित्रपटाच्या पडद्यावरून युद्धाचा प्रचारही सुरू होता. १९४० मध्ये सरकारने फिल्म ॲडव्हायझरी बोर्ड नेमले. व्ही. शांताराम काही काळ त्याचे मुख्य निर्माते होते. १९४३ पासून तर प्रत्येक खेळात सरकारमान्य २,००० फूट फिल्म, म्हणजे सुमारे २२ मिनिटे, दाखवणे चित्रपटगृहांना सक्तीचे झाले.

त्या प्रचाराचा रोख साम्राज्याच्या युद्धगरजेवर होता. वालचंदांना मात्र देशाचे स्वतःचे उद्योग हवे होते. बंगळूरच्या कामगारांनी अमेरिकेहून आलेले सुटे भाग जोडून १९४१ मध्ये ‘हार्लो’ हे वैमानिकांच्या प्रशिक्षणाचे विमान उडवले. पुढच्याच वर्षी सरकारने कारखान्याचा ताबा घेतला. आजची हिंदुस्तान एरोनॉटिक्स, म्हणजेच ‘एचएएल’, त्यातूनच उभी राहिली. साखर कारखान्यांची यंत्रे घडवणाऱ्या वालचंदनगरनेही पुढे ‘इस्रो’च्या रॉकेटसाठी मोटर केसिंग बनवली. हाताला मिळालेले कौशल्य देशाच्या कामी यावे, हा वालचंदांचा आग्रह आजही तितकाच मोलाचा आहे.