जामिनाची सही

‘सरकारवर भार होईल’ अशा परदेशीयाला अमेरिकेने १८८२च्या कायद्याने बंदी केली. १९३०च्या मंदीत हूवर सरकारने ही अट फार कडक केली. तरी नातलगाने लिहून दिलेली हमी कोर्टे बहुधा नैतिकच मानत. आपण दहावीत होतो, त्या सप्टेंबर १९९६मध्ये नवा कायदा झाला : हमी बंधनकारक, उत्पन्न दारिद्र्यरेषेच्या किमान १२५ टक्के. घटस्फोट झाला तरी ती सुटत नाही.

नवऱ्याच्या व्हिसाच्या वेळी माझी नोकरी नुकतीच गेली होती. तेव्हा तिकडेच स्थायिक झालेल्या, आपल्याच वर्गातल्या मैत्रिणीने जामीन म्हणून सही केली. नवऱ्याच्या कामाच्या ४० तिमाही भरल्या आणि ती मोकळी झाली. फोन करून सांगितले, तर म्हणाली, “अगं, मी विसरूनही गेले होते!”

मी विसरलेले नाही.