दहा फुटांच्या गाडीतला गारवा

१/ मोटारीतील गारवा हे आरंभी मोठ्या गाड्यांचे वैभव होते. अमेरिकेच्या पॅकार्ड कंपनीने १९३९ मध्ये वातानुकूलित गाडी सादर केली, तेव्हा शीतयंत्राने डिकीची बरीच जागा व्यापली होती. ते बंद करायचे तर इंजिन थांबवून पट्टा हाताने उतरवावा लागे!

२/ १९५६ च्या सुवेझ संकटाने ब्रिटनमध्ये इंधनटंचाई आली. त्या काटकसरीतून अ‍ॅलेक इसिगोनिस यांची ‘मिनी’ १९५९ मध्ये अवतरली. लांबी सुमारे दहा फूट, इंजिन ८४८ सीसीचे, ताकद अवघी ३४ अश्वशक्ती.

३/ जागा वाचवण्यासाठी इंजिन आडवे बसवले आणि रेडिएटर चाकाच्या बाजूला सरकवला. एसीची कोंडी होते ती नेमकी येथेच. एरवी कंडेन्सर रेडिएटरपुढे, समोरच्या वाऱ्यात बसतो; मिनीत ती सोयच नाही. त्याला वेगळी जागा आणि स्वतंत्र पंखा द्यावा लागतो. शिवाय कॉम्प्रेसर इंजिनाचीच शक्ती खातो, त्यामुळे चढावर गाडीला धाप लागते.

४/ टंचाईने घडवलेल्या यंत्राकडे आपण चैन मागत असतो. त्यापायी मूळ पत्रा कापला, तर त्या काळाचा पुरावाच पुसला जातो. म्हणून अशी जोडणी पुन्हा काढता येईल अशीच असावी.