सिंगापूरला राहिलेले दोन सर्व्हर

रोज रात्री 9 वाजता मुंबईतले 22 सर्व्हर बंद होतात आणि सकाळी 8 ला परत सुरू होतात. हे काम पायथनमधली चाळीसेक ओळींची एक स्क्रिप्ट करते. ती मी लोहाऱ्यातल्या घरी बसून लिहिली. आता ती क्लाउडवरच ठरल्या वेळी चालते, त्यामुळे आमच्याकडची लाइट गेली तरी तिला फरक पडत नाही. लोहारा म्हटलं की यवतमाळच्या माणसाला एमआयडीसी आठवते. माझ्या कामाला मात्र ना शेड लागते, ना भोंगा.

स्क्रिप्ट ज्या लायब्ररीवर उभी आहे तिचं नाव बोटो3. माझी समजूत अशी होती की लोक आधी वेबसाइटवर बटणं दाबून सर्व्हर चालवत असतील आणि मग कंटाळून कोड लिहू लागले असतील. इतिहास नेमका उलटा निघाला. अॅमेझॉनने मार्च 2006 मध्ये एस3 ही साठवणुकीची सेवा आणली आणि ऑगस्टमध्ये ईसी2, म्हणजे तासाला 10 सेंट देऊन भाड्याने घ्यायचा सर्व्हर. (ईसी2 घडवणारी सुरुवातीची टीम अमेरिकेत नव्हती, दक्षिण आफ्रिकेत केपटाउनला होती.) पण बटणांचं पान, ज्याला आपण कन्सोल म्हणतो, ते आलं जानेवारी 2009 मध्ये. तोवर सर्व्हर हवा असेल तर गुप्त किल्लीने सही केलेली विनंती पाठवायची आणि उत्तरात आलेलं एक्सएमएल उलगडत बसायचं. ही कटकट पायथनच्या एका ओळीत आणावी म्हणून मिच गारनाट यांनी 2006 मध्येच बोटो लिहायला घेतली. बोटो हा अॅमेझॉन नदीत राहणारा डॉल्फिन. नाव कंपनीवरूनच सुचलेलं.

पुढे सेवा इतक्या वाढल्या की प्रत्येकीसाठी हाताने कोड लिहिणं झेपेना. जून 2015 मध्ये अधिकृतपणे आलेल्या बोटो3 ने वेगळी वाट धरली. प्रत्येक सेवेचं वर्णन जेसन फाइलमध्ये असतं, आणि ते वाचून लायब्ररी आपली फंक्शनं चालता चालता तयार करते. हाताचं काम वाचवणाऱ्या लायब्ररीतलं हाताचं कामही असं गेलं.

एक गोष्ट मात्र तशीच राहिली. ईसी2 चा क्लायंट बनवताना त्याला प्रदेश सांगावा लागतो, आणि तो तेवढ्याच प्रदेशाशी बोलतो. मुंबईचं नाव एपी-साउथ-1. हा प्रदेश सुरू झाला जून 2016 मध्ये. त्याआधी आपल्याला जवळचा म्हणजे सिंगापूर, एप्रिल 2010 पासूनचा. म्हणून भारतातल्या बऱ्याच कंपन्यांचं जुनं सामान आजही तिकडे सापडतं. आमच्याही कंपनीचं होतं. मला ते माहीत नव्हतं.

माहीत होतं भाऊंना. ते दारव्ह्याकडचे, वयाने माझ्याहून बरेच मोठे. रोज रात्री जेवण आटोपून कन्सोल उघडायचे आणि चाचणीचे सर्व्हर एकेक करून बंद करायचे. मी एकदा स्क्रीन शेअरवर पाच मिनिटं पाहिलं, म्हटलं, एवढंच ना, आणि दोन दिवसांत स्क्रिप्ट लिहिली. मीटिंगमध्ये कौतुक झालं. पुढच्या महिन्यात भाऊंचं कॉन्ट्रॅक्ट वाढवलं नाही. दोन गोष्टींचा संबंध आहे असं मला कोणी म्हटलं नाही, आणि मीही विचारलं नाही.

तीन महिन्यांनी, फेब्रुवारीत, बिलावरून विचारणा झाली. सिंगापूरला दोन सर्व्हर रात्रंदिवस चालू होते. स्क्रिप्ट रोज न चुकता 'सर्व बंद' असा मेल पाठवत होती. ती खोटं बोलत नव्हती, तिने फक्त मुंबईला विचारलं होतं.

या क्षेत्रात सगळे ज्या चुकीचा दाखला देतात ती 28 फेब्रुवारी 2017 ची. एस3 च्या एका इंजिनिअरने आज्ञेत एक तपशील चुकीचा टाकला, ठरल्यापेक्षा कितीतरी जास्त सर्व्हर काढले गेले आणि कित्येक वेबसाइटी काही तास कोलमडल्या. अॅमेझॉनने मग ते साधन बदललं: सर्व्हर सावकाश काढायचे आणि किमान मर्यादेखाली जाऊ द्यायचं नाही. ही चूक दिसली तरी. माझ्या चुकीचा आवाजच आला नाही, म्हणून मला ती जास्त भीतीदायक वाटते.

दुरुस्ती सोपी होती. स्क्रिप्ट आता आधी सगळ्या प्रदेशांची यादी मागवते आणि प्रत्येकाला विचारते. ती चालवून पाहिली आणि भाऊंना फोन लावला. खरं तर माफी मागायची होती, पण सुरुवात कुठून करावी कळेना.

"थे सिंगापूरचे दोन घावले का?" त्यांनीच विचारलं.

"हो भाऊ, आज घावले."

"मी रोज पाहात होतो ना. वरच्या कोपऱ्यात नाव बदललं का दिसतात." थोडं थांबून म्हणाले, "अन् 31 मार्चच्या रात्री अकाउंटवाल्यांचा एक सर्व्हर चालू ठेवा लागते. थे रातभर आकडे जुळवतात. टाकलं का त्यात?"

मी वही ओढली आणि म्हटलं, "सांगा भाऊ, अजून काय काय आहे?"