फ्यूज नेमका कोणाला वाचवतो? कार ऑडिओच्या वायरीची गोष्ट

ऐकण्यापेक्षा वाचणं ज्यांना सोयीचं पडतं त्यांच्यासाठी हा भाग लिहून काढलाय. विषय एका साध्या प्रश्नाचा: "गाडीत अँप्लिफायर लावतोय, किती अँपिअरचा फ्यूज घेऊ?" उत्तर एका आकड्यात देता येईल. पण तो आकडा बहुतेक जण अँप्लिफायरवर शोधतात, आणि तिथेच घोळ होतो. म्हणून जरा मागे जाऊ.

1930 साल, शिकागो. पॉल गॅल्व्हिन नावाच्या माणसाची छोटी कंपनी अडचणीत होती. मंदी सुरू झालेली, जुना धंदा बसलेला. त्याच्या टीमने गाडीत बसणारा रेडिओ बनवला, तो गॅल्व्हिनच्या स्टुडबेकर गाडीत लावला आणि साहेब गाडी चालवत थेट अटलांटिक सिटीच्या रेडिओ उत्पादकांच्या अधिवेशनाला पोहोचले. आत स्टॉल घेतला नाही, गाडी बाहेर उभी करून रेडिओ मोठ्याने लावला. ऑर्डरी मिळाल्या. त्या रेडिओचं नाव मोटोरोला. पुढे कंपनीनेही तेच नाव घेतलं.

याच काळातला एक किस्सा सांगतात. गॅल्व्हिनने कर्ज मिळावं म्हणून एका बँकवाल्याच्या पॅकार्ड गाडीत रेडिओ बसवून दिला आणि अर्ध्या तासात गाडीने पेट घेतला. कर्ज अर्थातच मिळालं नाही. किस्सा सांगता सांगता थोडा रंगला असेल, पण त्यातली भीती शंभर टक्के खरी आहे.

कारण बघा, घरातल्या 230 व्होल्टला आपण घाबरतो. गाडीच्या 12 व्होल्टला कोणी घाबरत नाही, शॉक लागत नाही ना! पण आग व्होल्टेजवर ठरत नाही. वायरीतून करंट किती जातो आणि वायरीचा रेझिस्टन्स किती, यावर उष्णता ठरते, आणि त्यात करंटचा वर्ग होतो. गाडीची बॅटरी स्टार्टर फिरवायला बनवलेली असते, शेकडो अँपिअर सहज सोडते. समजा बॅटरीपासून डिकीपर्यंत 5 मीटर 8 गेजची वायर टाकली आणि सीटखाली पत्र्याची कड लागून तिचं कव्हर कापलं गेलं. तांबं बॉडीला टेकलं की शॉर्ट. 300 अँपिअर धरले तरी 5 मीटरमध्ये 900 वॅटच्या आसपास उष्णता. म्हणजे कार्पेटखाली चालू इस्त्री ठेवल्यासारखं. आणि या सगळ्यात अँप्लिफायरचा काही संबंधच नाही, तो बंद असला तरी हेच होणार.

म्हणून फ्यूज असतो वायरीसाठी. ही कल्पना एडिसनच्या दिवे लावण्याच्या काळातली, त्याने 1880 मध्ये अशा 'सेफ्टी कंडक्टर'चं पेटंट घेतलं होतं: वायरीच्या रस्त्यात मुद्दाम एक कमजोर तुकडा ठेवायचा, जो आधी वितळेल. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही 'सर्किट ब्रेकर' नावाचा पॅटर्न वापरतो, त्याचं नाव याच घराण्यातून आलंय.

पण माणूस फ्यूजला फसवतोच. आपल्याकडे घरातल्या किटकॅट फ्यूजमध्ये जाड तांब्याची तार बांधणारे काका प्रत्येक चाळीत होते. अमेरिकेत गाडीच्या काचेच्या फ्यूजवर चांदीचा कागद गुंडाळायचे. यावर तिथल्या इंजिनिअरांनी भारी उपाय काढला होता. 'एसएफई' प्रकारच्या काचेच्या फ्यूजमध्ये अँपिअर वाढले की लांबीही वाढायची. 9 अँपिअरचा पाऊण इंचाहून थोडा लांब, 20 चा सव्वा इंच. छोट्याच्या जागी मोठा बसणारच नाही! मला हा उपाय फार आवडतो. सूचना लिहिण्यापेक्षा चूक करणंच अशक्य करून टाकायचं.

मग 1976 मध्ये लिटलफ्यूज कंपनीने प्लॅस्टिकचा, दोन पात्यांचा फ्यूज आणला, जो आजही तुमच्या गाडीत असतो. 10 लाल, 15 निळा, 20 पिवळा, 30 हिरवा. स्वस्त, सुटसुटीत, बघताक्षणी ओळखू येणारा. पण आकार सगळ्यांचा एकच. 10 च्या जागी 30 आरामात बसतो. म्हणजे सोय मिळाली आणि जुनं कुलूप गेलं.

तोवर अमेरिकेत कार ऑडिओ वेडाच्या पातळीवर पोहोचत होता. ॲरिझोनातल्या जिम फॉसगेटचे 'पंच' अँप्लिफायर गाजले. मग स्पर्धा आल्या, आणि त्यात अँप्लिफायरच्या छापील वॅटवरून गट पडायचे. लगेच कंपन्यांनी पळवाट काढली. ओरायन 225 एचसीसीए कागदावर चॅनेलमागे फक्त 25 वॅटचा. पण अर्ध्या ओमच्या लोडवर जोडला की कितीतरी पट ताकद. ताकद वाढली तसा करंट वाढला, आणि पात्यांचे फ्यूज पुरेनात. मग फोर्कलिफ्टसारख्या बॅटरीवरच्या यंत्रांसाठीचे एएनएल फ्यूज गाड्यांच्या बॉनेटखाली आले. स्पर्धांच्या नियमांत आलेली एक गोष्ट आजही सगळे पाळतात: मुख्य फ्यूज बॅटरीपासून 18 इंचांच्या आत. कारण फ्यूज डिकीत बसवला तर मधली अख्खी वायर उघड्यावर राहते.

आता गेज. ही मोजणी ब्राऊन अँड शार्प या अमेरिकन कंपनीने 1857 मध्ये रूढ केली. आकडा लहान तेवढी वायर जाड, दर 3 आकड्यांना तांब्याचं क्षेत्रफळ साधारण दुप्पट. 4 गेज म्हणजे सुमारे 21 चौरस मिलिमीटर, 8 गेज म्हणजे 8.4. हे माप आतल्या धातूचं आहे. पण स्वस्त किटमध्ये कव्हर जाड आणि आत तांब्याचा मुलामा दिलेलं ॲल्युमिनियम असतं, ज्याला सीसीए म्हणतात. ॲल्युमिनियमची वाहकता तांब्याच्या 60 टक्क्यांच्या आसपास. ऑनलाइन '4 गेज किट, 100 अँपिअर फ्यूजसह' म्हणून जे येतं, त्यातली वायर प्रत्यक्षात 8 गेजची सीसीए निघाली, तर तो 100 चा फ्यूज तिला वाचवणार नाही. वायर आधी जळेल, फ्यूज बघत बसेल.

हिशोब मी असा करतो. डब्यावरच्या '2000 वॅट'कडे बघतच नाही, आरएमएस बघतो. 500 वॅट आरएमएसचा क्लास डी अँप्लिफायर, 80 टक्के कार्यक्षमता, 14.4 व्होल्ट: साधारण 43 अँपिअर. क्लास एबी असेल तर 60 च्या वर. 60 अँपिअरला 5 मीटर 8 गेज तांब्यात 0.6 व्होल्ट गळतात, 4 गेजमध्ये 0.25. म्हणून 4 गेज शुद्ध तांबं. फ्यूज अँप्लिफायरच्या गरजेहून थोडा वर, पण वायरीच्या क्षमतेहून खालीच. दोन अटी एकदम जमत नसतील तर फ्यूज वाढवायचा नाही, वायर बदलायची.

आणि डिस्ट्रिब्युशन ब्लॉक लावून पुढे दोन अँप्लिफायरना बारीक वायरी काढणार असाल, तर त्या प्रत्येक वायरीला तिथेच तिचा स्वतःचा फ्यूज लागतो. बॅटरीजवळचा मोठा फ्यूज फक्त जाड वायरीच्या मापाचा आहे, पुढच्या बारीक वायरीसाठी तो नसल्यातच जमा.