आजाऱ्याचे अन्न

कुंभकोणमहून मयिलादुतुरैकडे जाताना तिरुभुवनम् हे रेशीम विणणाऱ्यांचे गाव लागते. तिसऱ्या कुलोत्तुंग चोळाने येथे कंपहरेश्वराचे, म्हणजे कंप हरण करणाऱ्या शिवाचे, देवालय उभारले. कंप देवाने हरावा हे खरे. पण आजाऱ्याला जेवू कोणी घालावे, याची तरतूद राजालाच करावी लागे. चोळांनी ती केल्याचा पुरावा कांचीपुरम्‌जवळच्या तिरुमुक्कूडल येथे आहे. वीरराजेंद्राच्या अकराव्या शतकातील शिलालेखात १५ खाटांचे रुग्णालय, वैद्य, शस्त्रवैद्य व परिचारिका यांच्या जोडीला प्रत्येक रोग्याचा रोजचा तांदूळही नेमून दिलेला आढळतो. औषधांच्या यादीत तेले आहेत, तुपे आहेत. जुने तूपही आहे.

पुढे हा मुलूख तंजावरच्या भोसल्यांकडे आला. १७९९ च्या तहाने राज्यकारभार कंपनी सरकारच्या हाती गेला, तेव्हा सरफोजी राजांना आपल्या छत्रांची, म्हणजे अन्नछत्रांसह असलेल्या धर्मशाळांची, काळजी पडली. १८०१ साली रेसिडेंट टॉरिन यास लिहिलेल्या पत्रात छत्रांची रीत त्यांनी तपशिलाने सांगितली आहे. ब्राह्मणापासून अंत्यजापर्यंत सर्व वाटसरूंना तेथे भात मिळे. मध्यरात्री घंटा वाजवून उपाशी राहिलेल्यांना हाक घालीत. आजारी पडलेल्याला औषध आणि त्यास मानवेल असा आहार, तोही बरा होईपर्यंत. बाळंतिणीला तीन महिने आश्रय असे. एखाद्या वैद्यकग्रंथातही पथ्याचा इतका विचार क्वचितच सापडावा!

हे अन्न देहात काय करते, ते उमगण्यास विसावे शतक उजाडावे लागले. १९३० च्या सुमारास ग्लासगो येथे कथबर्टसन यांनी हाडे मोडलेल्या रोग्यांची तपासणी केली. जखमेच्या मानाने कितीतरी अधिक नत्र मूत्रावाटे जात होते. देह आपलेच स्नायू जाळीत होता. साठविलेली चरबीही अशा वेळी वितळून रक्तात उतरते. यकृत तिला प्रथिनांच्या वेष्टनात गुंडाळून पुन्हा रक्तात सोडते; हीच लिपोप्रोटीने. मोठ्या आघातानंतर रक्तातील ट्रायग्लिसराइड बहुधा वाढते, कोलेस्टेरॉल मात्र उतरते. जणू घरातील धान्य संपल्यावर वासे जाळण्याची पाळी यावी!

ज्याला तोंडाने घास जात नाही त्याचे काय? स्वीडनमध्ये व्रेटलिंड यांनी सोयाबीनचे तेल व अंड्यातील फॉस्फोलिपिड यांचे शिरेतून देता येण्याजोगे दुधाळ मिश्रण सिद्ध केले. १९६२ मध्ये त्यास तेथे मान्यता मिळाली. ते देताना डॉक्टर रक्तातील ट्रायग्लिसराइड मोजत राहतात. प्रमाण फार चढले, की थेंबांची गती कमी करतात.