धाब्यावरचें शेवाळ आणि गांवची पांढर

राजांच्या वंशावळी, लढायांच्या तारखा आणि तहांचीं कलमें यांनीं आमचे इतिहासग्रंथ भरलेले आहेत. परंतु ज्या घरांत बसून प्रजेनें हे सर्व प्रसंग सोसले त्या घरांचें छप्पर कसें होतें, तें दरसाल कोण नीट करी, आणि पावसाळ्यांत त्यावर जें हिरवें रान माजे तें आवरण्यासाठीं काय केलें जाई, हा प्रश्न इतिहासकारास क्वचितच सुचतो. छपरावरील शेवाळासाठीं मासिकाचीं चार पानें खर्ची घालावीं काय, असेंही कोणी विचारील. विषय क्षुद्र खराच. तथापि खानदेशापुरतें बोलावयाचें तर या क्षुद्र वस्तूचा धागा साडेतीन हजार वर्षांपूर्वींच्या मनुष्यवस्तीपर्यंत जाऊन पोंचतो, आणि छप्पर स्वच्छ राखण्याच्या कामीं आम्हीं काय वेंचलें हें पाहूं गेल्यास तो हिशेब मुळींच क्षुद्र ठरत नाहीं.

प्रथम शब्दाविषयीं. विहिरीच्या पाण्यावरील हिरवा तवंग, पायरीवरील निसरडा लेप आणि कौलावरील मखमली गादी या तिहींस मराठींत ‘शेवाळ’ हा एकच शब्द सरसकट लावितात. संस्कृतांतील शैवल मुळांत पाण्यांतलें. कालिदासानें शाकुंतलांत कमळाच्या शेजारीं बसविलें तेंही पाण्यांतलेंच. छपरावर उशांसारखे जे गुबगुबीत पुंजके दिसतात ती वनस्पति निराळी. वनस्पतिशास्त्राच्या मराठी परिभाषेंत तिला ‘हरिता’ म्हणतात. तिला खरें मूळ नसतें. केसासारख्या तंतूंनीं ती कौलास धरून राहते, आणि पाणी व क्षार सर्वांगानें पिते. कारण तिचीं पानें बहुधा एकाच पेशीच्या जाडीचीं असतात. वैशाखांत ती वाळून काळी पडते, मेली असें वाटतें. आणि मृगाच्या पहिल्या सरी अंगावर येतांच पाहतां पाहतां हिरवी होते. तिचे बीजाणु वाऱ्यावर उडतात, म्हणून एका घराचें शेवाळ काढलें तरी शेजारच्या घरावरून तें पुन्हां येतेंच. आमच्या लोकांनीं शास्त्र न वाचतां जे उपाय योजिले ते या स्वभावाशीं नेमके जुळतात. जी वनस्पति सर्वांगानें पिते तिला क्षारही सर्वांगानेंच बाधतो.

नंदुरबार जिल्हा १ जुलै १९९८ रोजीं धुळें जिल्ह्यांतून वेगळा निघाला, आणि १९०६ पूर्वीं पूर्व व पश्चिम हाही भेद नसून सारा एकच खानदेश होता. या मुलखांत छपराच्या दोन तऱ्हा जुन्या. सातपुड्याच्या अंगास, जेथें पाऊस व लांकूड दोन्ही अधिक, तेथें नळीचीं कौलें. आणि खालीं तापीच्या काळ्या सपाटींत मातीचें सपाट धाबें. शहादें तालुक्यांतील कळसाडी हें या दुसऱ्या मुलखांतलें गांव. धाब्याची रचना ज्यानें पाहिली नाहीं त्याच्यासाठीं थोडक्यांत सांगतों. खांबांवर तुळया, तुळयांवर आडवीं लांकडें, त्यांवर काटक्या किंवा पऱ्हाट्या, त्यावर पाला व चिखलाचा थर, आणि सर्वांत वर खाऱ्या मातीचा जाड थर चोपून बसविलेला. छपराला एका अंगास नजरेंत न भरेल इतकाच उतार, आणि पाणी बाहेर टाकण्यास पन्हळ. उन्हाळ्यांत त्याच धाब्यावर बाजा टाकून माणसें निजत, मिरच्या व पापड वाळत, आणि दोन घरांच्या बायकांचें बोलणें तेथूनच चाले.

आतां हें मातीचें छप्पर. आणि माती व पाणी एकत्र आलीं म्हणजे त्यांतून कांहींतरी उगवणें हा सृष्टीचा नियम आहे. मग धाब्याचें शेत कां होत नसे? याचें उत्तर त्या वरच्या थरांत आहे. शेतांतील काळी माती छपरास कधींच घालीत नसत. ती पाण्यानें फुगते, उन्हानें भेगाळते, आणि तींत पडलेलें प्रत्येक बीं उगवून येतें. शेतांत जो गुण तोच छपरावर दोष. छपरास लागे ती पांढरी. मराठी भाषेनें हा भेद किती खोल नेला आहे पहा! गांवची लागवडीची जमीन ती ‘काळी’ आणि वस्तीची जागा ती ‘पांढरी’. जुन्या कागदपत्रांत या दोन शब्दांनीं साऱ्या गांवाचा निर्देश होतो, आणि मोल्स्वर्थच्या कोशांतही हा अर्थ नोंदलेला आहे. पण वस्तीची माती पांढरी कां? कारण ती नुसती माती नव्हेच. पिढ्यानुपिढ्यांच्या चुलींची राख, गुरांचें शेणमूत, पडलेल्या भिंती, हाडें, कुजलेला केरकचरा हें सर्व एकावर एक सांचून तिचें टेंकाड झालेलें असतें. त्यांत चुना मुरतो, क्षार मुरतात, सोरा फुटतो. भिंतीस लोणा लागतो म्हणून आपण कपाळाला हात लावतों. तोच लोणा धाब्यावर मात्र उपकारक. क्षारानें शेवाळाच्या अंगांतील पाणी ओढून घेतलें जातें, गवताचें बीं रुजत नाहीं. शिवाय अशा खाऱ्या चिकणमातीचे कण पाण्यांत सुटे होऊन छिद्रें बुजवितात, आणि थर पाणी खालीं झिरपूं देत नाहीं. एकाच मातीनें गळती व उगवण दोन्हींचा बंदोबस्त झाला. मजा अशी कीं हीच माती काळ्या शेतांत थोडी थोडी पसरली असतां खताचें काम करी.

मात्र हा बंदोबस्त कायमचा नसे. पावसानें क्षार धुवून जात, आणि दोन तीन वर्षें हयगय झाली कीं प्रथम काळपट लेप, मग हिरवा, मग गवत, असा क्रम ठरलेला. म्हणून मृग लागण्यापूर्वीं दरसाल धाब्यावर चढावयाचें, जें कांहीं वाढलें असेल तें खुरप्यानें तासून खालीं लोटावयाचें, पन्हळ मोकळी करावयाची आणि नवी खारी माती टाकावयाची. पहिल्या पावसांत माती भिजली म्हणजे ती तुडवून सारखी करावयाची हा दुसरा हप्ता. पन्हळींत शेवाळ व पाला अडकून पाणी तुंबलें तर धाब्याचें ओझें किती वाढतें याची कल्पना शहरवासीयांस नसते. पांच सहा दिवसांची झड लागली, खालचें लांकूड कुजकें असलें, म्हणजे सारें छप्पर निजलेल्या माणसांवर येई. अशा मृत्यूंच्या बातम्या आजही दर पावसाळ्यांत वर्तमानपत्रांतून येतात. मथळा ‘घर कोसळून’ असा असतो, परंतु त्यामागें बहुधा न काढलेलें गवत, तुंबलेली पन्हळ आणि न पडलेली माती असते. कळसाडीकडील एका वयोवृद्ध शेतकऱ्यांनीं आम्हांस सांगितलें कीं त्यांच्या लहानपणीं स्थळ पाहावयास आलेले पाहुणे आधीं धाब्याकडे नजर टाकीत; तेथें हिरवें दिसलें तर घरांत करतें माणूस नाहीं असें समजावें.

ही खारी माती येई कोठून? नदीकांठच्या, गांवालगतच्या जुन्या ओसाड टेंकाडांतून. आणि येथें आमच्या विषयाला दुःखाची कड लागते. शहादें तालुक्यांतच, तापी व गोमाई यांच्या संगमावर प्रकाशें आहे. तेथील टेंकाडाचें उत्खनन १९५४-५५ सालीं पुराणवस्तु खात्याच्या बी. के. थापर यांनीं केलें, आणि ताम्रपाषाणयुगापासून मध्ययुगापर्यंतच्या वस्तीचे थर उजेडांत आले. त्याच दशकांत चाळीसगांव तालुक्यांत बहाळ येथें म. न. देशपांडे यांनीं खणलें. खानदेश हा प्राचीन मनुष्यवस्तीचा केवढा मोठा मुलूख होता हें त्यामुळें कळलें. पण शास्त्रज्ञांचें कुदळ-फावडें पोंचण्यापूर्वीं कितीतरी शतकें शेतकऱ्यांच्या गाड्या तेथें पोंचत होत्या. दक्षिणेंतील अशीं टेंकाडें ‘पांढर’ याच नांवानें ओळखलीं जातात, आणि दर उन्हाळ्यांत घरोघर कांहीं गाड्या माती त्यांतून जाई. पडक्या धाब्यांच्या ढिगाऱ्यांत आम्हीं अनेकदां खापऱ्या वेंचल्या आहेत. एखादा शंखाच्या बांगडीचा तुकडा, एखादें जळकें हाड. ज्या थरांत तीं सांपडतीं तर इतिहास बोलता, तो थर कधींच मोडलेला. पूर्वजांनीं फेंकलेल्या राखेनें वंशजांचें छप्पर राखलें, परंतु त्या पूर्वजांचा पत्ता पुसून टाकून.

याबद्दल शेतकऱ्यास दोष देणें आम्हांस मान्य नाहीं. ईजिप्तमध्यें हेंच घडलें. तेथील फल्लाह लोक जुन्या नगरांची क्षारयुक्त माती, ज्याला ते ‘सबाख’ म्हणत, शेतास खत म्हणून खणून नेत. १८८७ सालीं एल्-अमार्ना येथील प्रसिद्ध मृत्तिकापत्रें अशाच खणण्यांत सांपडलीं असें सांगतात. ज्याच्या डोक्यावर पाऊस उभा आहे त्यानें तीन हजार वर्षांपूर्वींच्या चुलीचा मुलाहिजा करावा ही अपेक्षा आरामखुर्चींतली आहे. १९०४ व १९५८ च्या कायद्यांनीं घोषित स्थळांस संरक्षण मिळालें, तें योग्यच झालें. पण अघोषित पांढरी शेंकडों, आणि छपरास दुसरी माती द्यावयास कोणी पुढें आलें नाहीं.

कौलांची गोष्ट याहून सोपी, म्हणून लवकर आटोपतों. भाजलेलीं कौलें आमच्याकडे नवीं नव्हेत. नेवाशासारख्या ठिकाणीं सातवाहनकाळचीं, खिळ्यासाठीं भोकें पाडलेलीं सपाट कौलें सांपडलेलीं आहेत. नळीचें कौल कच्च्या भाजणीचें, म्हणून पाणी पिणारें, आणि जें पाणी पितें त्यावर शेवाळ आलेंच. कोंकणांत व सातपुड्यांत त्यावर तोड एकच: दरसाल वैशाखांत घर शाकारणें. कौलें उतरवावयाचीं, घासावयाचीं, फुटकीं टाकावयाचीं, उन्हांत वाळवून पुन्हां चढवावयाचीं. १८६० नंतरच्या दशकांत बाझेल मिशननें मंगळूरीं यंत्रानें दाबलेलीं कौलें काढण्यास आरंभ केला. तीं एकमेकांत अडकणारीं व पक्क्या भाजणीचीं, म्हणून दरसालची शाकारणी चुकली. तिच्याबरोबर दरसालची घासणीही चुकली, आणि मंगळुरी कौलांच्या उत्तरेकडील उतारावर, जेथें दसऱ्यानंतर ऊन तिरपें होऊन पोंचत नाहीं, तेथें शेवाळाला कायमचें घर मिळालें. राज्यकर्त्यांना ही वार्षिक कामगिरी ठाऊक होती. आज्ञापत्रांत, जें रामचंद्रपंत अमात्यांच्या नांवावर असून सुमारें १७१५ सालचें आहे, तटावर वाढणारीं झाडें दरसाल कापावीं व गवत जाळावें असा दंडक घातलेला आहे. तोफेनें न पडणारा तट पिंपळाच्या रोपानें पडतो हें त्या मुत्सद्द्यास समजलें होतें.

आतां कळसाडीसारख्या गांवांतून धाबें झपाट्यानें जात आहे. १९८५ ची इंदिरा आवास योजना आणि २०१६ ची प्रधानमंत्री आवास योजना यांच्या व्याख्येंत मातीच्या छपराचें घर ‘कच्चें’, सिमेंटचें ‘पक्कें’. माणसें गाडलीं जाण्याचें भय गेलें हा लाभ केवढा मोठा आहे हें वर लिहिलेल्यावरून दिसेलच. धाब्याच्या नांवानें गहिंवर काढणाऱ्यांत आम्ही नाहीं. परंतु ‘पक्कें’ या शब्दानें एक भ्रम निर्माण केला आहे. नवें सिमेंट व ताजा चुना तीव्र अल्कधर्मी असतात, म्हणून पहिलीं कांहीं वर्षें त्यांवर कांहीं उगवत नाहीं. मालकास वाटतें, सुटलों. पुढें हवेंतील कर्बवायूनें ती तीव्रता मरते, पृष्ठ खडबडीत होतें, उतार नीट काढलेला नसल्यानें पाणी सांचतें, आणि मग शेवाळास तेंच सिमेंट गोड लागतें. त्यावरून पाय घसरतो, आणि ओल खालीं सळईपर्यंत जाऊन ती गंजते. जस्ताचा मुलामा दिलेल्या पत्र्यावर शेवाळ सहसा येत नाहीं, कारण पावसाच्या पाण्याबरोबर जस्ताचा अंश सारखा उतरत राहतो. तांब्याचीही तीच गोष्ट. कौलाच्या आढ्याजवळ तांब्याची किंवा जस्ताची पट्टी बसविली तर तिच्याखालचा उतार स्वच्छ राहतो तो याच न्यायानें.

उपाय विचारणाऱ्यांस आम्ही जुनाच क्रम सांगतों. शेवाळ वैशाखांत, तें कोरडें ठणठणीत असतां, लांकडी पट्टीनें व ताठ कुंच्यानें काढावें. कौलारू उतारावर आढ्याकडून खालीं यावें, नाहींतर कौलाची कड उचलते. पाण्याचा जोरदार फवारा मारूं नये, त्यानें कौलाची कातडी निघते व पाणी सांध्यांत शिरतें. आम्लानें धुऊं नये, त्यानें चुना व सिमेंट दोन्ही खातात. मग सपाट गच्चीस चुन्याचा दाट हात द्यावा, आणि पाणी सांचतें तेथें उतार सुधारावा. शेतकऱ्याच्या घरांत मोरचूद असतें, त्याचें सौम्य द्रावण शेवाळास खासच मारतें. परंतु जेथें छपराचें पाणी हौदांत किंवा विहिरींत धरतात तेथें तें वापरूं नये, आणि जस्ती पन्हळीलाही तें सोसत नाहीं. छपरावर झुकलेली निंबाची फांदी छाटली तर निम्मा रोग आपोआप हटतो. हें सर्व एक दिवसाचें काम, पण दरसालचें.

धाब्याच्या काळीं तो दिवस ठरलेला होता, आणि त्यासाठीं घराला शिडी असे. गेल्या उन्हाळ्यांत त्या भागांतील कांहीं नवीं घरें आम्हीं पाहिलीं. गच्ची उत्तम, कठडाही उत्तम, वर जावयास जिना मात्र नव्हता.